'आढळले नाही' म्हणजे सेंद्रिय नव्हे: उसाची आणि गुळाची चाचणी नेमकी काय सांगते

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या एका गटाला करवीर आणि शिरोळ तालुक्यांतल्या शेतकऱ्यांकडून सेंद्रिय उसाचा गूळ घेऊन स्वतःच्या पॅकिंगमध्ये विकायचा आहे. त्यांनी गुळाचा नमुना लॅबला दिला. कीटकनाशकांच्या अंशांचा रिपोर्ट आला, सगळ्या रकान्यांत 'आढळले नाही'. आता यावरून ऊस सेंद्रिय धरायचा का? आणि धरायचा नसेल, तर सेंद्रिय आणि रासायनिक ऊस वेगळा काढणारी खात्रीची शास्त्रीय चाचणी आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: धरू नका. दुसऱ्याचं: एकच अशी चाचणी नाही, पण तीन-चार चाचण्या योग्य वेळी, योग्य नमुन्यावर केल्या तर बरंच काही कळतं. गडबड बहुतेक वेळा यंत्रात नसते. नमुना चुकीचा असतो, नाहीतर वेळ चुकीची असते.

'सेंद्रिय' हे पद्धतीचं नाव आहे, पदार्थाच्या गुणाचं नाही. युरियातून आलेला नायट्रोजन आणि शेणखतातून आलेला नायट्रोजन, दोन्ही मुळात शिरताना बहुतेक नायट्रेट किंवा अमोनियम याच रूपात शिरतात. साखर तीच, प्रथिनं तीच. म्हणून लॅब 'हा ऊस सेंद्रिय आहे' असं लिहून देऊ शकत नाही. फार तर 'सेंद्रिय असल्याच्या दाव्याशी विसंगत काही सापडलं नाही' एवढंच लिहू शकते. याहून ठाम भाषा असलेला रिपोर्ट हाती आला तर आधी त्या लॅबवरच शंका घ्या.

तुमच्या रिपोर्टकडे येऊ. गूळ हा या कामासाठी जवळजवळ सगळ्यात वाईट नमुना आहे. उसात तणनाशकं (अ‍ॅट्राझीन, मेट्रिब्युझीन, २,४-डी) पडतात ती लावणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत. सुरू (हिवाळ्याअखेर लावलेला) ऊस बाराव्या महिन्यात तुटतो, आडसाली (पावसाळ्यात लावलेला) सोळा-अठराव्या महिन्यात. हुमणी आणि वाळवीसाठी दिलेली औषधं मुळाशी जातात, खोडकिडीची फवारणी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या गुंडाळलेल्या पानांत. तोडणीला वाढं आणि पाचट वेगळं निघतं. उरलं ते चरकातून निघतं, अर्धं चिपाडात जातं, रस काहिलीत तास-दोन तास उकळतो, मळी काढली जाते, आणि आदण (आटून घट्ट झालेला रस) उतरवताना तापमान ११८ अंशांच्या आसपास पोचलेलं असतं. एवढ्यातून अंश शिल्लक राहिला तर नवल. भरपूर युरिया आणि दोन तणनाशकं मारलेल्या उसाचा गूळसुद्धा 'आढळले नाही' असा रिपोर्ट सहज मिळवतो. आणि युरिया तर या चाचणीच्या यादीतच नाही.

त्यातून रिपोर्टमध्ये काय तपासलंय तेही वाचायला हवं. बहुतेक लॅब 'बहुअंश' पद्धत वापरतात, तिचं रूढ नाव क्वेचर्स. फळं-भाज्यांसाठी १० ग्रॅम नमुना, १० मिली अ‍ॅसिटोनायट्राइल, ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, १ ग्रॅम मीठ आणि सायट्रेटचे क्षार. मग सेंट्रिफ्यूज, वरचा थर घेऊन पीएसए पावडरीनं सफाई, आणि शेवटी एलसी-एमएस/एमएस आणि जीसी-एमएस/एमएस ही दोन यंत्रं. गुळासाठी ५ ग्रॅम नमुना १० मिली पाण्यात पूर्ण विरघळवून मगच द्रावक घालावा लागतो. खडा तसाच राहिला तर आतलं काही बाहेर येत नाही आणि आकडा खोटा कमी दिसतो. साखरेचं प्रमाण इतकं, की पीएसए नेहमीपेक्षा जास्त लागतं. गुळाचा तपकिरी रंग घालवायला काही जण कार्बन पावडर वापरतात. ती रंगाबरोबर कार्बेन्डाझिमसारखे चपटे रेणूही धरून ठेवते. आणि पीएसए आम्लधर्मी रेणू पकडतं, म्हणजे ज्या २,४-डी साठी आपण शोध घेतोय तेच सफाईत गायब होतं. त्यासाठी सफाईआधीचा अर्क वेगळा तपासावा लागतो.

ग्लायफोसेट या पद्धतीत येतच नाही. ते पाण्यात विरघळणारं, द्रावकात न उतरणारं. त्याची चाचणी स्वतंत्र, पैसेही स्वतंत्र. मॅन्कोझेबसारखी डायथायोकार्बामेट बुरशीनाशकंही तशीच: नमुना आम्लात उकळून निघालेला कार्बन डायसल्फाइड मोजतात. उसाला मॅन्कोझेबचा प्रश्न फारसा नाही, पण तुमचा गट उद्या भाजीपाला किंवा द्राक्षाचा बेदाणा घेणार असेल तर ही ओळ लक्षात ठेवा. '२०० घटक तपासले' या वाक्यात ग्लायफोसेट नसेल तर बांधावरचं सगळ्यात खपणारं तणनाशक यादीबाहेर राहिलं.

रिपोर्ट हातात घेतल्यावर चार गोष्टी बघा. प्रत्येक घटकासमोर मोजणीची खालची मर्यादा दिली आहे का, ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो असेल तर ठीक, ०.०५ किंवा ०.१ असेल तर 'आढळले नाही'ला अर्थ कमी. रिकव्हरी, म्हणजे नमुन्यात मुद्दाम घातलेल्या अंशापैकी चाचणीत परत किती सापडला, ती ७० ते १२० टक्क्यांत आहे का. तो घटक आणि तो नमुना-प्रकार एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणारं मंडळ) व्याप्तीत, म्हणजे मान्य चाचण्यांच्या यादीत आहे का. पुष्कळदा 'गूळ' व्याप्तीत नसतो आणि रिपोर्टवर बारीक तारांकन असतं. चौथं, नमुना कोणी काढला. 'ग्राहकाने आणून दिलेला नमुना' असं लिहिलं असेल, तर तो रिपोर्ट त्या पुडीचा आहे, मालाचा नाही.

कायदा काय म्हणतो तेही इथेच सांगतो. एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) २०१७ च्या सेंद्रिय अन्न नियमांप्रमाणे कीटकनाशकाचा अंश साध्या अन्नासाठी ठरलेल्या कमाल मर्यादेच्या ५ टक्के किंवा मोजणीची खालची मर्यादा, यांपैकी जे जास्त, त्याच्या आत असला पाहिजे. शून्याची अट नाही, कारण शेजारच्या शेतातून वाऱ्यानं येणारा फवारा आणि जमिनीतले जुने अंश कोणाच्या हातात नसतात. पण ही मर्यादा पाळली म्हणून माल सेंद्रिय ठरत नाही. त्यासाठी एनपीओपीचं (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) प्रमाणपत्र किंवा पीजीएस-इंडियाची (शेतकऱ्यांनी एकमेकांची शेतं तपासायची पद्धत) गटनोंदणी लागते, आणि ती शेतावरच्या पाहणीवर आणि नोंदींवर मिळते.

आता युरिया पकडायचा कसा, हा खरा प्रश्न. इथे कामाला येतो नायट्रोजनचा जड भाऊ, म्हणजे जड समस्थानिक, नायट्रोजन-१५. हवेतल्या नायट्रोजनमध्ये त्याचं प्रमाण सुमारे ०.३६६ टक्के. कारखान्यात अमोनिया हवेतल्या नायट्रोजनपासूनच बनतो, म्हणून युरियाचं हे प्रमाण हवेच्या जवळ राहतं. शेणखत-कंपोस्टमध्ये वेगळं घडतं. शेण-मूत्र पडल्यापासून अमोनिया उडत राहतो, हलका नायट्रोजन-१४ आधी उडतो, जड मागे साचतो. हा फरक हवेला शून्य धरून 'डेल्टा' मूल्यात, प्रति हजार अशा एककात देतात. कृत्रिम खतांचं मूल्य साधारण उणे ४ ते अधिक ४, मुरलेल्या शेणखताचं अधिक ५ पासून बरंच वर. पीक जे खातं त्याचा ठसा पानात उतरतो.

प्रत्यक्षात नमुना असा घ्यावा लागतो. गुळात नायट्रोजन नगण्य, त्यामुळे गूळ पाठवून उपयोग नाही, पान पाठवायचं. उसाचं वरून ज्या पहिल्या पानाचा सांधा, म्हणजे पान आणि खोडाला वेढणारं त्याचं आवरण यांच्यामधला पट्टा, स्पष्ट दिसतो ते पान. त्याचा मधला वीसेक सेंटिमीटरचा तुकडा, मधली शीर काढून. एका प्लॉटमधून नागमोडी चालत वीस-पंचवीस उसांची पानं, बांधाकडच्या चार-पाच सऱ्या सोडून. ओल्या फडक्यानं पुसून, कागदी पिशवीत. प्लास्टिकमध्ये घाम सुटतो आणि पान कुजायला लागलं की नायट्रोजनचं गणितच बदलतं. लॅबमध्ये ६० अंशांवर दोन दिवस वाळवून पिठासारखं दळतात, त्यातले तीन-चार मिलिग्रॅम कथलाच्या इवल्याशा डबीत भरून जाळतात आणि निघालेला नायट्रोजन वायू समस्थानिक-गुणोत्तर मोजणाऱ्या यंत्रात सोडतात. चांगल्या लॅबची अचूकता ०.२ प्रति हजारच्या आसपास असते.

वेळ महत्त्वाची. आपल्याकडे उसाला नायट्रोजन चार हप्त्यांत द्यायची शिफारस आहे: लावणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला (उसाच्या बुडाशी मातीची भर देताना) ४०. म्हणजे चोरून युरिया पडायचा तर मोठ्या बांधणीला पडतो, कारण तेव्हाच ऊस पिवळा दिसला तर जीव कासावीस होतो. पानाचा नमुना मोठ्या बांधणीनंतर तीन-चार आठवड्यांनी घ्या. तोडणीच्या वेळी घेतला तर ठसा पुसट झालेला असतो.

ही चाचणी ऐकायला फार पक्की वाटते, आणि इथेच लोक फसतात. समजा पानाचं मूल्य अधिक ४ आलं. अर्धा युरिया आणि अर्धं शेणखत, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. पण त्या शेतकऱ्यानं ताग गाडला असेल, सोयाबीन-भुईमुगाचा बेवड असेल (म्हणजे आधी ते पीक असेल), किंवा उसात हरभऱ्याचं आंतरपीक घेतलं असेल, तर त्या पिकांनी हवेतला नायट्रोजन घेतलेला असतो आणि त्याचं मूल्यही शून्याजवळच. म्हणजे उत्तम सेंद्रिय शेतकरी या चाचणीत युरियावाल्यासारखा दिसू शकतो. उलट बाजूनं, पाणथळ जमिनीत नायट्रेटचं वायूत रूपांतर होऊन मूल्य वर चढतं. पंचगंगेकाठच्या निचरा नसलेल्या रानात युरिया खाल्लेला ऊसही 'सेंद्रिय' दिसेल. नदीच्या पाण्यातून सांडपाण्याचा नायट्रोजन येत असेल तरी तेच.

म्हणून एकट्या आकड्यावर कुणाला दोषी ठरवू नका. त्याच गावातल्या, त्याच प्रकारच्या जमिनीतल्या, त्याच जातीच्या उसाचे दोन्ही बाजूंचे खात्रीचे नमुने आधी जमवावे लागतात: दहा-पंधरा नक्की सेंद्रिय, दहा-पंधरा नक्की रासायनिक. त्यांचे पट्टे कुठे पडतात, कुठे एकमेकांवर चढतात ते बघायचं, मग संशयित नमुना त्यावर ठेवायचा. परदेशातल्या टोमॅटोवरून ठरवलेली सीमा शिरोळच्या उसाला लावणं म्हणजे पन्हाळ्याच्या पावसाच्या आकड्यावर जतला पेरणी करणं.

कुणी म्हणेल, नायट्रेटमधल्या ऑक्सिजनचा समस्थानिक तपासला तर? कारखान्यात बनलेल्या नायट्रेटमध्ये हवेचा ऑक्सिजन असतो, म्हणून ते वेगळं दिसतं, हे खरं. युरोपात अमोनियम नायट्रेट खूप वापरतात, तिथे उपयोग होतो. आपल्याकडे नायट्रोजन मुख्यतः युरियाचा. त्यात नायट्रेट नाहीच. ते जमिनीत तयार होतं, जमिनीतल्या पाण्यातून ऑक्सिजन घेऊन, शेणखताचं होतं तसंच. त्यामुळे उसासाठी यावर पैसे घालवू नका. सुपर फॉस्फेटमधून येणाऱ्या कॅडमियम-युरेनियमवरून ओळखायचा प्रयत्नही तसाच लंगडा, कारण रॉक फॉस्फेट सेंद्रिय शेतीतही चालतं आणि खाण बहुतेक तीच असते.

या सगळ्यापेक्षा स्वस्त आणि माझ्या मते जास्त धारदार तपासणी कागदावर होते: नायट्रोजनचा हिशेब. सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो, म्हणजे एकरी १०० किलो नायट्रोजन. शेणखतात साधारण अर्धा टक्का नायट्रोजन धरा, म्हणजे तेवढ्यासाठी एकरी २० टन खत. ट्रॉलीत अडीच-तीन टन मावतं असं धरलं तर सात-आठ ट्रॉल्या. ताग चांगला गाडला तर पंचवीस-चाळीस किलो त्यातून वजा होतील, जमीन स्वतः काही देईल. आता शेतकऱ्याची वही काढा: दोन ट्रॉल्या शेणखत, दोनशे लिटर जीवामृत चार वेळा, ताग नाही, आणि ऊस एकरी साठ टन. हे गणित एखाद्या वर्षी जमिनीच्या जुन्या शिलकीवर जमेल, दरवर्षी जमणार नाही. गोठ्यात जनावरं किती, खत विकत घेतलं असेल तर पावती कुठे, एवढं विचारलं की निम्म्या शंका जागेवर फिटतात. उरलेल्या प्लॉटचं पान लॅबला पाठवा. असं केलं तर चाळीस नमुन्यांऐवजी सहा पाठवावे लागतात.

तणनाशकासाठी नमुना वेगळा आणि लवकरचा: लावणीनंतर तीस ते पंचेचाळीस दिवसांत, वरच्या १० सेंटिमीटरची माती आणि कोवळं पान. माती सरीतून आणि वरंब्यावरून दोन्हीकडून घ्या. शेजाऱ्याच्या फवाऱ्याचा वाद असेल तर बांधालगतचा आणि प्लॉटच्या मधला असे दोन नमुने वेगळे पाठवा. बांधाकडे जास्त आणि मध्ये काहीच नसेल तर वाऱ्यानं आलंय. सगळीकडे सारखं असेल तर पंपानंच आलंय.

आणखी एक जागा लोक तपासतच नाहीत: बाटली. 'सेंद्रिय टॉनिक', 'हर्बल कीडनाशक' म्हणून मिळणाऱ्या काही उत्पादनांत रासायनिक कीटकनाशक मिसळलेलं सापडतं. शेतकरी प्रामाणिक, नोंदवही चोख, आणि पानात फिप्रोनिल. अशा वेळी आधी शेतकऱ्यावर न जाता शेडमधली अर्धी बाटली सील करून लॅबला द्या. गटानं खरेदीच्या वेळीच प्रत्येक बॅचची एक बाटली राखून ठेवली तर पुढचा वाद टळतो.

गुळाची चाचणी करायची ती वेगळ्या कारणासाठी: गुऱ्हाळात काय घातलं ते बघायला. ऊस शंभर टक्के सेंद्रिय असला आणि गुळव्यानं रंग काढायला आदणात हायड्रॉस पावडर टाकली, तर गूळ सेंद्रिय राहिला नाही. हायड्रॉस म्हणजे सोडियम डायथायोनाइट. त्याचा मागमूस सल्फर डायऑक्साइडच्या रूपात राहतो. लॅबमध्ये मोनियर-विल्यम्स पद्धतीनं मोजतात: ५० ग्रॅम गूळ आम्लात उकळून, नायट्रोजन वायूच्या धारेनं निघणारा सल्फर डायऑक्साइड ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये धरून, तयार झालेलं आम्ल अल्कलीनं मोजायचं. १० पीपीएमच्या (मिलिग्रॅम प्रति किलो) खालचा आकडा या पद्धतीत भरवशाचा नाही, कारण गुळातली इतर उडणारी आम्लंही थोडी मोजली जातात. त्यामुळे रिपोर्टात ४ किंवा ६ पीपीएम दिसलं म्हणून गुळव्याशी भांडू नका.

गटाच्या पातळीवर चाळणीसाठी साधी खूण चालते. परीक्षानळीत थोडा गुळाचा द्राव, जस्ताची भुकटी, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल. तोंडावर लेड अ‍ॅसिटेटमध्ये भिजवलेला कागद. सल्फाइट (द्रावात उतरलेल्या सल्फर डायऑक्साइडचं रूप) असेल तर हायड्रोजन सल्फाइड तयार होऊन कागद तपकिरी-काळा पडतो. शेजारी गुळाशिवाय तीच नळी लावायची, कारण जस्तच अशुद्ध असेल तर तोही कागद काळा करतो. शिसं विषारी आहे. ही चाचणी स्वयंपाकघरात नको. शिवाय साठवणीत सल्फर डायऑक्साइड कमी होत जातो, म्हणून नमुना ताज्या मालाचा, आदण उतरल्यापासून आठवड्याभरातला. ३० किलोच्या रव्यातून वरून, मधून आणि तळातून असा तीन ठिकाणचा खुडा एकत्र करा.

रंगावरून निवाडा करू नका. 'काळा तो सेंद्रिय' या समजुतीनं बाजारात जाळलेला गूळ चढ्या भावानं जातो. रंग जातीवर, जमिनीवर, मळी किती निगुतीनं काढली त्यावर आणि आदण किती तापलं त्यावर ठरतो. को ९२००५ सारख्या गुळाला चांगल्या जातीचा, भेंडीच्या रसानं मळी काढलेला गूळ हायड्रॉसशिवायही सोनेरी येतो. क्षारपड रानातल्या उसाचा गूळ सेंद्रिय असूनही काळपट आणि खारट लागतो. ओळखायची एक खूण मात्र आहे: हायड्रॉसनं आलेला पिवळेपणा टिकत नाही, महिना-दोन महिन्यांत गूळ पुन्हा काळवंडतो.

साखर मिसळल्याची शंका असेल तर कार्बन-१३ ची चाचणी सुचवणारे भेटतील. मधात ती चालते, कारण मध बहुतेक वेगळ्या गटातल्या वनस्पतींचा असतो. आपली साखर उसाची आणि गूळही उसाचा, दोन्हींचा कार्बन एकच. त्याऐवजी राख (खनिजांचं प्रमाण) आणि रिड्यूसिंग शर्करा (ग्लुकोज-फ्रुक्टोज) मोजून घ्या. साखर मिसळली की दोन्ही आकडे त्या भागातल्या नेहमीच्या गुळापेक्षा खाली येतात.

ऑनलाइन मिळणारी, भाजीत सुई खुपसून 'सेंद्रिय आहे की नाही' सांगणारी उपकरणं विकत घेऊ नका. ती विद्युतवाहकता मोजतात आणि त्यावरून नायट्रेटचा अंदाज बांधतात. भरपूर शेणखत खाल्लेला पालक तिथे नापास होतो.

तुमच्या गटासाठी क्रम असा ठेवा: लावणीनंतर महिन्या-दीड महिन्यात निवडक प्लॉटची माती आणि पान तणनाशकासाठी; मोठ्या बांधणीआधी नायट्रोजनचा हिशेब; हिशेब न जुळणाऱ्या प्लॉटचं पान समस्थानिकासाठी; आदण उतरल्यावर सल्फर डायऑक्साइड. प्रत्येक नमुन्याचे तीन भाग करून शेतकऱ्यासमोर सील करा, तिघांच्या सह्या घ्या: एक लॅबला, एक शेतकऱ्याकडे, एक गटाकडे. कीटकनाशकासाठीचा राखीव भाग उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये, वाळवलेलं पान कागदी पाकिटात कोरड्या जागी. रिपोर्टवर आक्षेप आला तर राखीव भाग दुसऱ्या लॅबला पाठवा, आणि पाठवताना पहिल्या लॅबचा आकडा त्यांना सांगू नका.